मुंबई ते दुबई अंतर किती? तिकिटावर जाताना पावणेदोन तास आणि येताना जवळपास साडेचार तास का दिसतात? जळगावहून निघायचं आहे.

मुंबई-दुबई हवाई अंतर सुमारे 1,930 किलोमीटर. कुठे 1,200 दिसलं तर ते मैल आणि 1,040 दिसलं तर सागरी मैल. तिन्ही आकडे एकाच अंतराचे, गोंधळू नका.

तिकिटावरची वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाची असते. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, आणि तिथे उन्हाळ्या-हिवाळ्यात घड्याळ बदलत नाहीत, म्हणून हा फरक बारा महिने तोच. सकाळी 10 ला निघून 11:45 ला पोहोचणार असं लिहिलं असेल, तर त्यात दीड तास मिळवा : प्रवास सव्वातीन तासांचा. येताना उलट. दुबईहून 10 ला निघून मुंबईत 2:25 ला, यातून दीड तास वजा केला की राहतात 2 तास 55 मिनिटं.

तरीही येताना वीसेक मिनिटं कमी लागतातच, ती वाऱ्यामुळे. उंचावर वारा बहुतेक पश्चिमेकडून वाहतो, हिवाळ्यात जास्तच जोरात. जाताना तो तोंडावर, येताना पाठीशी. आणि ताशी 850 किलोमीटर धरून 1,930 ला भागाकार केला तर सव्वादोन तासच येतात, मग बाकीचा तास गेला कुठे? तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हललं तेव्हापासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतचा असतो. मुंबईत धावपट्टीसाठी रांग, वर चढताना आणि उतरताना कमी वेग, दुबईवर गर्दी असली तर हवेतच एक-दोन घिरट्या. शिवाय उशीर झाला तरी वेळेवर पोहोचल्याचं दिसावं म्हणून कंपन्या थोडा वेळ वाढवूनच लिहितात.

खरी काळजी जळगाव ते सहारची, म्हणजे मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळापर्यंतची करा. रेल्वेने 420 किलोमीटर, गाडीप्रमाणे साडेसहा ते आठ तास. पावसाळ्यात कसारा घाटात गाडी रखडली की सगळा हिशेब कोलमडतो, तेव्हा चार तास हातचे ठेवा. बॅगा जड असतील तर ठाण्याला उतरून सरळ टॅक्सी. हलकं सामान असेल तर ठाण्याहून लोकलने घाटकोपर, मेट्रोने मरोळ नाका, तिथून भुयारी मेट्रोने पुढचंच स्टेशन टर्मिनल 2. रात्री उशिरा मेट्रो बंद असते. विमानतळावर तीन तास आधी पोहोचा. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं आणि मग कोणी ऐकत नाही.

बॅग भरताना खसखस काढून ठेवा. अमिरातीत ती बंदी असलेली वस्तू आहे, आणि आपल्या काळ्या मसाल्यातही ती बऱ्याचदा असते. घरचा मसाला असेल तर आईला आधी विचारा.

आता तारीख. आखाताकडची पुष्कळ विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात आणि चूक इथेच होते. तिकिटावर 15 तारीख, वेळ 02:30 असेल, तर 14 च्या रात्री साडेअकराला तुम्ही विमानतळावर हवेत. म्हणजे जळगावहून 14 ची सकाळची गाडी. 15 चं रेल्वे आरक्षण काढलंत तर तुम्ही फलाटावर उभे असाल आणि विमान केव्हाच दुबईत उतरलेलं असेल.