आकडेमोड बाहेर, निवाडा साखळीवर

प्रश्न : इथेरियम या ब्लॉकचेनवरील (अनेक संगणकांनी मिळून राखलेल्या नोंदींच्या साखळीवरील) स्मार्ट कॉन्ट्रॅक्टला, म्हणजे साखळीवरच चालणाऱ्या प्रोग्रॅमला, जड आकडेमोड परवडत नाही, म्हणून ती बाहेरच्या संगणकावर करून साखळीवर फक्त उत्तर नोंदवतात, असे वाचनात आले. ते उत्तर खोटे असेल तर कळणार कसे? सगळे पुन्हा करून पाहायचे असेल, तर बाहेर पाठवून साधले काय?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपली शंका रास्त आहे. ब्लॉकचेनवरचा व्यवहार प्रत्येक पूर्ण नोड, म्हणजे सगळी साखळी तपासणारा जाळ्यातला संगणक, स्वतः करून पाहतो, म्हणून तिथे प्रत्येक कृतीला गॅस नावाच्या मापाने शुल्क मोजावे लागते आणि प्रत्येक ब्लॉकला (व्यवहारांच्या गठ्ठ्याला) गॅसची कमाल मर्यादा असते. डोजकॉइन या दुसऱ्या आभासी चलनातील नोंदी इथेरियमवर तपासू पाहणाऱ्यांना नेमकी हीच अडचण आली, कारण डोजकॉइनचे हॅश-फलन (माहितीचा छोटा ठसा, म्हणजे हॅश, काढणारे सूत्र) मुद्दामच मेमरी खाणारे आहे. जेसन टॉइश आणि क्रिस्टियन राइटविसनर यांनी 2017 मध्ये मांडलेल्या ट्रूबिट योजनेत त्यावर जो तोडगा होता, तो मला आजही सर्वांत सुबक वाटतो.

उत्तर देणारा अनामत रक्कम ठेवतो. कोणी हरकत घेतलीच, तर दोघांनी आकडेमोडीच्या मध्यावर आपल्या संगणकाची स्थिती काय होती, हे हॅशच्या रूपात सांगायचे. तिथे एकमत असेल तर चूक उत्तरार्धात, नसेल तर पूर्वार्धात. मग त्या अर्ध्याचेही पुन्हा दोन भाग. एक लाख कोटी पायऱ्यांचा वादसुद्धा अशा सुमारे 40 फेऱ्यांत एका पायरीवर येतो आणि साखळी पंच म्हणून तेवढीच पायरी स्वतः करून पाहते. खोटा ठरणारा अनामत गमावतो. म्हणजे सगळे पुन्हा करून पाहण्याचे काम साखळीवर पडत नाही. ते हरकत घेणाऱ्याने आपल्या संगणकावर करायचे असते, आणि असा एक जरी प्रामाणिक तपासनीस जागा असला तरी पुरते. इथेरियमचे व्यवहार बाहेर करून देणाऱ्या आर्बिट्रमसारख्या जाळ्यांतून पैसे मूळ साखळीवर काढताना आठवडाभर थांबावे लागते, ते या हरकतीला वाव राहावा म्हणून.

खरी मेख पुढेच आहे. उत्तरे नेहमी बरोबरच येत असतील, तर फुकट तपासत कोण बसेल? ट्रूबिटने त्यासाठी अधूनमधून मुद्दाम चुका पेरून त्या पकडणाऱ्याला बक्षीस देण्याची कल्पना मांडली होती. ती चतुर खरी, पण गुंतागुंतीची.

दुसरा मार्ग गणिती पुराव्याचा. उत्तरासोबत असा छोटा पुरावा जोडतात, की तो तपासायला मूळ आकडेमोडीच्या मानाने नगण्य श्रम पडतात. अशा पडताळणीला लागणारी काही गणिती कामे इथेरियमने ऑक्टोबर 2017 च्या बायझँटियम सुधारणेत अंगभूत करून घेतली. इथे हरकतीची वाट पाहावी लागत नाही. मात्र पुरावा तयार करणे मूळ आकडेमोडीहून कितीतरी पट जड असते, आणि तो भार उत्तर देणाऱ्यालाच उचलावा लागतो.