व्हिपुरविलला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न एका भाषांतर करणाऱ्या ताईंचा आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात शेतावर वाढलेल्या एका वृद्ध बाईंच्या आठवणी त्या मराठीत आणत आहेत. त्यात व्हिपुरविल या तिकडच्या पक्ष्याबद्दल एक वाक्य येतं : उन्हाळ्यातल्या चांदण्या रात्री व्हिपुरविल हाका मारायचे आणि वडील पोर्चमध्ये गप्प बसून ऐकायचे. आता कुठेही तो आवाज कानावर पडला की बाईंना वडील आठवतात. या पक्ष्याला कुणी 'चातक' सुचवलं, कुणी 'टिटवी'. यातलं काय घ्यावं?

चातक नकोच. तो दिवसा दिसणारा, पावसाबरोबर येणारा कोकिळेच्या कुळातला पक्षी. शिवाय हा शब्द आला की मराठी वाचकाच्या मनात तहान आणि मेघ आपोआप उभे राहतात. त्या शेतावर यातलं काहीच नाही.

टिटवी सुचवणाऱ्याचा विचार मात्र मला समजतो. रात्री घरावरून टिटवी ओरडत गेली की आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांच्या मनात पाल चुकचुकते. अमेरिकेच्या पूर्व भागातही व्हिपुरविल घराजवळ बोलला तर घरातलं कुणी जाणार, अशी जुनी समजूत होती. पण टिटवी ही लांब पायांची, मोकळ्या माळावर धावणारी. ती आरडाओरडा करते, कुणी मुद्दाम गप्प बसून ऐकत राहावं असं तिच्या ओरडण्यात काही नाही.

कुळ पाहिलं तर व्हिपुरविल हा रातवा. 'रात'वरूनच पडलेलं हे नाव मला फार आवडतं. आपल्याकडचे रातवे बहुतेकांनी गाडीच्या उजेडातच पाहिलेले असतात. मामाच्या गावाला जाताना कच्च्या रस्त्यात दोन लाल ठिपके चमकायचे, मामा मोटारसायकलचा वेग कमी करायचा आणि चाक अगदी जवळ आल्यावर वाळक्या पानांच्या रंगाचं काहीतरी आवाज न करता उठून बाजूला व्हायचं. व्हिपुरविलही असाच पानांच्या रंगाचा. घरटं बांधत नाही, जमिनीवरच्या पाचोळ्यात दोन अंडी घालतो आणि रात्री उडते पतंग पकडतो. चांदणं असेल तर त्याला शिकार सोपी जाते आणि तो बोलतोही जास्त. म्हणून त्या वाक्यातलं चांदणं गाळू नका, ते नुसत्या शोभेसाठी आलेलं नाही.

तरीही नुसतं 'रातवा' लिहून भागणार नाही. आपला रातवा 'चक् चक् चक् चक्र्र' करतो, तो आवाज वेगळा. आणि त्या बाईंकडे पक्ष्याचं रूप नाहीच, आहे तो फक्त आवाज. जन्मभर व्हिपुरविल ऐकून तो एकदाही न पाहिलेली माणसं तिकडे पुष्कळ असतात. त्याचं नाव म्हणजेच त्याचा आवाज : व्हिप्-पुर्-विल. पहिल्या आणि शेवटच्या अक्षरावर जोर, मधलं जरासं गिळलेलं. अगदी जवळून ऐकलं तर प्रत्येक हाकेआधी एक बारीकसा 'टक्' येतो. एकदा सुरू झाला की थांबत नाही. जॉन बरोज या निसर्गनिरीक्षकाने एका पक्ष्याच्या सलग १०८८ हाका मोजल्याची नोंद आहे.

इंग्रजी कानाने या आवाजात एक आज्ञा ऐकली : 'व्हिप पुअर विल', म्हणजे बिचाऱ्या विलला झोडपा. हे आपल्याला परकं वाटू नये. आपला पावशा 'पेरते व्हा, पेरते व्हा' सांगतो. तोच पक्षी हिंदीत 'पी कहाँ' विचारतो. आवाज एकच, पण शेतकऱ्याला त्यात पेरणी ऐकू येते आणि विरहिणीला प्रियकर. म्हणून 'व्हिपुरविल'चा अर्थ मराठीत आणायला जाऊ नका, 'पेरते व्हा'चं इंग्रजी करण्यासारखंच ते होईल. नाव देवनागरीत जसंच्या तसं ठेवा, मधे आडव्या रेघा न देता, म्हणजे ते एका दमात वाचलं जाईल. पहिल्यांदा येईल तेव्हा 'व्हिपुरविल नावाचा रातवा' म्हणा, पुढे नुसतं व्हिपुरविल. पुल्लिंगी चालवा : व्हिपुरविलने, व्हिपुरविलचा.

आता 'हाका मारायचे'बद्दल. मराठीत हाक कुणाला तरी मारावी लागते. वाचक लगेच विचारेल, कुणाला? गावाकडे 'पावशा बोलायला लागला' म्हणतात, तेच क्रियापद इथे शोभेल. आणि 'बोलत असत'पेक्षा 'बोलायचे' बरं. 'असत' पुस्तकी वाटतं, 'बोलायचे'मध्ये रोजच्या सवयीची ऊब आहे. ते आता राहिलं नाही, हेही त्यातच येतं. इथे तर ते शब्दशः खरं आहे. व्हिपुरविलची संख्या गेल्या काही दशकांत बरीच घटली आहे आणि जिथे म्हाताऱ्यांनी लहानपणी तो रोज ऐकला, अशी कितीतरी शेतं आता मुकी आहेत.

मी ते वाक्य असं लिहीन : 'उन्हाळ्यात चांदणं पडलं की शेताच्या कडेला व्हिपुरविल बोलायचे, व्हिपुरविल, व्हिपुरविल, आणि बाबा पोर्चमध्ये एक शब्द न बोलता ऐकत बसायचे.' नाव मुद्दाम तीनदा घेतलं आहे. एकदा मोठ्याने वाचून बघा. कानाला जास्त वाटलं तर एक कमी करा, पण एकावर आणू नका.