कोल्ह्यांसाठी रायफलवर कोणता एलईडी टॉर्च लावावा?

तुमचा प्रश्न असा: ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात ओळखीच्या मेंढीफार्मवर रात्री कोल्हे मारायला जायचंय, .223 बोअरची रायफल आहे, दीडदोनशे मीटरपर्यंत दिसायला हवं, तर रायफलवर किती ल्युमेनचा टॉर्च लावावा आणि हिरवा घ्यावा की लाल. खरं तर मी उत्तर देणार नव्हतो. पण शेवटी तुम्ही लिहिलंय, "एकच टॉर्च घेणार, शोधायलाही तोच वापरेन." हे वाक्य मी आधी एका माणसाच्या तोंडून ऐकलंय, आणि त्यावरून आमचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही.

आधी ल्युमेनचं उरकतो. ल्युमेन बघू नका. टॉर्चमधून एकूण किती उजेड बाहेर पडतो तेवढंच तो आकडा सांगतो; तो उजेड लांब जातो की पायापाशी सांडतो हे त्यातून कळत नाही. तुम्हाला झोत हवाय, आणि झोताचा आकडा कँडेला. खोक्यावर एएनएसआय एफएल1 (टॉर्च मोजायचं ठरलेलं प्रमाण) लिहिलेलं असेल तर कँडेला आणि मीटर दोन्ही दिलेले असतात. हिशेब सोपा आहे: कँडेलाचं वर्गमूळ काढा, दुप्पट करा, झाले मीटर. 40,000 कँडेला म्हणजे 400 मीटर. ऐकायला झकास वाटतं, पण त्या 400 मीटरवर उजेड उरतो 0.25 लक्स (लक्स म्हणजे समोरच्या वस्तूवर पडलेल्या उजेडाचं माप), म्हणजे लख्ख पौर्णिमेचं चांदणं. चांदण्यात इतक्या लांबून कोल्हा आणि कुत्रं वेगळं सांगता येणार असेल तर तुम्हाला टॉर्च लागतच नाही. खोक्यावरच्या अंतराचा तिसरा हिस्सा तेवढा आपला समजायचा. 200 मीटरवर नुसते डोळे नाही, अंग दिसायला हवं असेल तर लाखभर कँडेलाच्या खाली जाऊ नका. तिथे अडीच लक्स मिळतात आणि चांगल्या स्कोपमधून, म्हणजे रायफलवरच्या दुर्बिणीतून, तेवढ्यात काम होतं. एलईडी बारीक आणि रिफ्लेक्टर मोठा, खोल असेल तर 600 ल्युमेनचा टॉर्चसुद्धा हे देतो. तोंडात डझनभर एलईडी कोंबलेला 10,000 ल्युमेनवाला देत नाही.

आता त्या 10,000 ल्युमेनवाल्याची गोष्ट.

मी पश्चिम व्हिक्टोरियात, हॅमिल्टनच्या बाजूला मेंढ्यांच्या फार्मवर कामाला आहे. घर फलटणकडचं, धनगराचं. आजोबांच्या वाड्यावर लांडगा आला की बॅटरी मारायची, कुत्री सोडायची आणि बोंब ठोकायची, एवढीच आमची हत्यारं. इथे येऊन लायसन्स काढलं, कोर्स केला, रायफल घेतली, तेही कामाचा भाग म्हणून. इथला कोल्हा म्हणजे रेड फॉक्स, आपल्या खोकडाच्या जातीतला, आणि तो या देशातला नाहीच. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात घोड्यावरून शिकार करायची हौस म्हणून आणून सोडला आणि आता सरकार दरबारी त्याची नोंद उपद्रवी प्राणी म्हणून आहे. 2011 पासून व्हिक्टोरिया सरकार कोल्ह्यामागे बक्षीसही देतं. सुरुवातीला 10 डॉलर होतं. कोल्हा धडधाकट मेंढीच्या वाटेला जात नाही. तो बघतो नुकतंच पडलेलं कोकरू, त्यातही जुळ्यातलं दुसरं, जे आईच्या मागे चार पावलं राहिलेलं असतं. (जुळ्यांवरून आठवलं. इथल्या बूरूला मेरिनो जातीच्या मेंढीला जास्त कोकरं होतात ती ज्या जनुकामुळे, तेच जनुक सुंदरबनच्या गरोळ मेंढीत आहे, आणि गरोळवरूनच आमच्या फलटणच्या निंबकर संस्थेने ते दख्खनी मेंढीत आणलं. प्रश्नाशी याचा काही संबंध नाही, पण फलटणचा माणूस हे सांगितल्याशिवाय राहत नाही.)

तर आमचा एक दोस्त. मेलबर्नला आयटीत, लायसन्स माझ्यानंतर काढलेलं, पण अभ्यास दांडगा, म्हणजे व्हिडिओ बघण्याचा. ऑगस्टमध्ये मेंढ्या वीत होत्या आणि कोल्ह्यांनी उच्छाद मांडला होता. मालकाला विचारून मी त्याला बोलावलं. आला तोच रायफलवर हा एवढा टॉर्च बसवून. पुढे भलंमोठं तोंड, मागे गुंडाळीची वायर आणि त्याला दाबायचं बटण. "भाऊ, हातातला लॅम्प ठेव घरी. हा लावला की दिवस उगवतो." दिवस उगवला खरा, पण तीस मीटरपर्यंत. त्यापुढे नुसता दुधाळ पडदा, कारण पॅडॉकवर, म्हणजे मेंढ्यांच्या कुंपण घातलेल्या रानावर, धुकं बसलेलं होतं आणि टॉर्च त्याने बॅरलला लागून लावलेला. अर्धा उजेड बॅरलच्या पाठीवरून उडून सरळ स्कोपमध्ये येत होता. हे नीट ऐका, कारण तुमच्याही कामाचं आहे: टॉर्चचं तोंड स्कोपच्या पुढच्या भिंगाच्या पुढे हवं आणि बॅरलवर उजेड सांडता कामा नये. म्हणून टॉर्च स्कोपच्या वर लावलेला बरा. त्यात आणखी एक फायदा आहे. जनावराच्या डोळ्यातून उजेड ज्या रेषेत गेला त्याच रेषेत माघारी येतो, म्हणून टॉर्च तुमच्या नजरेच्या जितका जवळ, तितके डोळे जास्त चमकतात.

मी शिटी वाजवली. टेंटरफील्ड शिटी मिळते, पत्र्याची दुमडलेली. सशाच्या किंकाळीसारखा आवाज येतो. थोड्या वेळाने कुंपणाच्या कडेने एक कोल्हा आला, वाऱ्याच्या खालच्या अंगाने, ते नेहमी तसेच येतात. दोस्ताने गोळी झाडली. ती लागली नाही, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, सगळ्यांची चुकते. पण झटक्यासरशी टॉर्च फकफक करायला लागला. डिस्कोत लावतात तसा. झालं काय, तर आत सेलला एकाच बाजूला स्प्रिंग होती. रायफलने मागे धक्का दिला, सेल क्षणभर सुटला आणि टॉर्चला वाटलं बटण दाबलं, मग तो पुढच्या मोडवर गेला. .223 चा धक्का तो काय, तेवढ्यानेसुद्धा. हा बटण दाबतोय, तो मंद होतोय. परत दाबतोय, एसओएस, म्हणजे मदतीच्या इशाऱ्याची उघडझाप, सुरू. व्यायलेल्या मेंढ्या उठून पळाल्या, कोकरं मागे. ज्याने मेंढरं राखलीत त्याला त्या क्षणी पोटात काय होतं ते कळेल. पहिल्या रात्री आई आणि कोकरू फुटलं की कित्येकदा आई त्याला परत घेत नाही. कोल्ह्याने नेलं असतं त्याहून जास्त नुकसान आम्हीच करून ठेवायचो.

इथवर मी गप्प होतो. टॉर्च एकदाचा ताळ्यावर आला आणि याने काय करावं, रायफल खांद्याला लावून त्या टॉर्चनेच सगळा पॅडॉक झाडायला सुरुवात केली. डावीकडून उजवीकडे. चेंबरमध्ये गोळी. "थांब, मी लॅम्प मारतो," म्हणालो तर म्हणतो, "दिसले! दिसले! लेटलाय बघ." जमिनीलगत दोन डोळे, स्थिर, पिवळट हिरवे. मी त्याचा हात खाली दाबला आणि हातातला लॅम्प मारला. मेंढ्यांच्या घोळक्यात मालकाचा मरेमा बसला होता. पांढरा, वासराएवढा कुत्रा, इटलीतली जात, मेंढ्या राखायला पिल्लू असल्यापासून त्यांच्यातच वाढवतात. आमच्यापासून जवळच वॉर्नंबूलच्या मिडल आयलंडवर पेंग्विन कोल्ह्यांपासून वाचवायला 2006 मध्ये हेच कुत्रे नेले होते. त्याने मान वर केली, आमच्याकडे बघितलं आणि परत पंजावर टेकवली.

मालक मागे यूटमध्ये, म्हणजे हौदावाल्या गाडीत, होता. तो आला, काही बोलला नाही, दोस्ताच्या रायफलचा बोल्ट (ज्याच्याशिवाय गोळी झाडता येत नाही तो भाग) काढला, जॅकेटच्या खिशात टाकला आणि म्हणाला, सकाळी चहाला या, तेव्हा देतो. बस्स. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

यावर दोस्ताचं आजही मत असं, की तो "बघतच होता, घोड्यावर बोट नव्हतं", मी उगाच हात दाबला आणि मालकासमोर त्याची शोभा केली. गणपतीत, दिवाळी फराळाला, जिथे भेटू तिथे हा विषय निघतो आणि चार लोक त्याची बाजू घेतात, ज्यांनी रात्री पॅडॉक बघितलेला नाही. म्हणून इथे एकदाच लिहून ठेवतो. ज्या टॉर्चने तुम्ही बघता त्याच्याबरोबर तुमची नळीही तिकडेच वळते. म्हणजे जे ओळखलेलं नाही अशा प्रत्येक गोष्टीवर तुम्ही रायफल रोखताय: मेंढी, शेजाऱ्याचं कुत्रं, कुंपण दुरुस्त करायला आलेला माणूस. बोट कुठे होतं हा मुद्दाच नाही. शोधायला हातातला लॅम्प, तोही दुसऱ्या माणसाच्या हातात. रायफलवरचा टॉर्च जनावर ओळखल्यावर, मागे काय आहे ते बघितल्यावर, गोळी झाडण्यापुरता. एकटे जात असाल तर कपाळावरचा दिवा किंवा हातातला घ्या, पण दोन टॉर्च लागतातच. बजेट एकाचंच असेल तर आधी हातातला घ्या.

आणि डोळ्यांवर जाऊ नका. कोल्ह्याचे डोळे झगझगीत असतात, हलतात, विझतात, परत दुसरीकडे पेटतात. मेंढीचे बघत राहतात. पण हा अंदाज झाला. कांगारूचे चमकतात, पॉसमचे (झाडावर राहणारा मांजराएवढा प्राणी) चमकतात, गवतातल्या कोळ्यांचेसुद्धा हिरवे ठिपके दिसतात आणि नवा माणूस त्यांच्यावरही स्कोप लावतो. कान, तोंड, शेपूट दिसल्याशिवाय कोल्हा नाही.

रंगाबद्दल. हिरवा उजेड कोल्ह्याला दिसत नाही असं विकणारे सांगतात, ते साफ खोटं आहे. कुत्र्याच्या जातीला निळा आणि हिरवट-पिवळा चांगला दिसतो; लाल कमी दिसतो. हिरव्यात आपल्याला लांबचं बरं दिसतं, फायदा तेवढाच. लाल त्याला कमी बोचतो, पण आपल्यालाही कमी दिसतो आणि तेवढ्याच ताकदीत पल्ला घटतो. ज्या फार्मवर आधी गोळ्या चुकल्यात तिथले कोल्हे पांढरा उजेड बघून पळतात, तिथे लाल. नव्या जागी पांढरा चालतो. झोताचा मधला डोळा त्याच्या तोंडावर मारू नका, कडेच्या मंद उजेडात ठेवा, गोळीच्या वेळी मधे आणा.

घेताना बाकी बघायचं ते असं. सेलला दोन्ही टोकांना स्प्रिंग. एकच मोड, फार तर दोन, आणि फकफक अजिबात नको. 18650 सेल (18 मिलिमीटर जाड, 65 लांब, चार्ज करायचा लिथियम सेल) नावाजलेल्या कंपनीचा. त्यात 3,500 मिलीअँपिअर-तासांच्या आसपास कमाल असते, 9,900 लिहिलेला सेल सरळ फेकून द्या. 21700 वाला, म्हणजे त्याहून मोठ्या सेलचा, टॉर्च मिळाला तर उत्तम, त्यात 5,000 किंवा थोडे जास्तही मिळतात. संरक्षण सर्किट असलेला सेल चारपाच मिलिमीटर लांब असतो, तो तुमच्या टॉर्चमध्ये बसतो का ते आधी विचारा. खोक्यावरचे आकडे चालू केल्यानंतरच्या पहिल्या दोन मिनिटांतले असतात. पुढे गरम होऊन किती उतरतो ते वेगळं. झूमवाले टॉर्च, ज्यांच्यात पुढे फुगीर भिंग असतं, ते लांब मारतात पण बाजूला काळोख ठेवतात. मला आवडत नाहीत, बरेच जुने लोक मात्र तेच वापरतात. टॉर्च लावल्यावर दिवसा नेमावर चार गोळ्या झाडून बघा, स्कोपवर वजन आलं की कधीकधी नेम सरकतो.

हे सगळं लिहून झाल्यावर सांगतो की आता बहुतेक जण शोधायला थर्मल, म्हणजे अंगाची उष्णता दाखवणारी दुर्बीण, वापरतात. पैसे असतील तर हातातला लॅम्प सोडून थर्मल घ्या, रायफलवर टॉर्च राहू द्या. आणि नुसत्या गोळीने कोल्हे कमी होत नाहीत, एक मेला की त्याची जागा दुसरा घेतो. शेजारच्या सगळ्या फार्मांनी मिळून मेंढ्या व्यायच्या आधी विषाची आमिषं टाकली, मागे रायफल ठेवली तर फरक पडतो. विणाऱ्या पॅडॉकमध्ये रात्री उजेड नाचवायचा नाही, आम्हीही आता कडेनेच जातो. मालकाची परवानगी लेखी घ्या. सरकारी जमिनीवर टॉर्च आणि रायफल घेऊन जाऊ नका, राज्यागणिक नियम वेगळे आहेत. भारतात बसून हे वाचणाऱ्यांनी तर विचारही करू नये. तिथे कोल्हा आणि खोकड दोघेही 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली आहेत.

तुमच्या स्कोपची नळी एक इंची की 30 मिलिमीटर ते तुम्ही लिहिलं नाहीत. क्लॅम्प त्याच मापाचा घ्या. एक इंचाचा क्लॅम्प 30 च्या नळीवर बळेच आवळला तर नळी चेपते, मग टॉर्च कितीही भारी असला तरी नेम लागत नाही.