आईच्या पैठणीचं जॅकेट शिवू का?

प्रश्न : ताई, आईची जुनी पैठणी आहे, घड्यांवर थोडी विरलीये. हल्ली सगळ्याजणी जुन्या साडीचं लाँग जॅकेट किंवा को-ऑर्ड सेट (एकाच कापडाचा टॉप आणि पँट) शिवून घेतायत, मलाही भावाच्या लग्नात घालायचंय. पण कात्री लावायला जीव धजत नाही. काय करू? – एक वाचक, परळ

उत्तर : अगं, कपाटात पडून घड्यांवर चिरण्यापेक्षा अंगावर आलेली बरी! फक्त आधी साडी उजेडासमोर धर आणि घडीच्या जागी दोन्ही हातांनी हलकेच ताणून बघ, जर्र आवाज आला तर तो भाग बाजूला, त्याचा पोटली बटवा कर. साडी साधारण साडेपाच मीटर, जॅकेटला अडीच-तीन पुरतं, म्हणजे पदराला हात न लावताही काम होतं, आणि पदर पाठीवर घ्यायचाच असेल तर मोराची दिशा टेलरला आधी सांग, नाहीतर मोर उलटे लटकतात (माझ्या मावशीचे लटकलेत). काठ कापून घेरावर लावायला सांग. सगळ्यात महत्त्वाचं, पहिला ट्रायल मांजरपाटावर (साध्या कोऱ्या सुती कापडावर) करून घे, दादरच्या हिंदमाता मार्केटला स्वस्तात मिळेल. अस्तर सुतीच घे आपल्या घामासाठी, पण शिवायच्या आधी पाण्यातून काढ, नाहीतर नंतर आटतं. आतून इंचभर मार्जिन ठेव. अंगाला घट्ट आवळणाऱ्या कॉर्सेट ब्लाऊजचं वेड आहे सध्या, पण विरलेल्या रेशमाला तो ताण झेपत नाही, ते नकोच. आणि हो, लग्नसराईत टेलर तारखा पाळत नाहीत, दीड महिना आधी कापड दे.