रस्टमध्ये "लोकलहोस्ट:८०८०" पार्स का होत नाही?

तुमचा प्रश्न असा की रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत "१२७.०.०.१:८०८०" पार्स केलं (अक्षरं वाचून त्यातली माहिती काढली) की सॉकेटअ‍ॅड्रेस (आयपी आणि पोर्ट मिळून पत्ता) मिळतो, मग "लोकलहोस्ट:८०८०" ला एरर का. पार्स फक्त समोरची अक्षरं वाचतं, कोणाला विचारायला जात नाही. लोकलहोस्ट हे आपल्याच कॉम्प्युटरचं नाव झालं, त्याचा अ‍ॅड्रेस काढायला सिस्टीमला विचारावं लागतं आणि ते काम टू_सॉकेट_अ‍ॅडर्स करतं. त्यात एक लक्षात ठेवा, उत्तर येईपर्यंत तो थ्रेड (प्रोग्राममधला कामाचा धागा) अडकून बसतो. आणि अ‍ॅड्रेस एकापेक्षा जास्त मिळू शकतात, लोकलहोस्टला बऱ्याचदा आधी आयपीव्ही६ (नव्या प्रकारचा आयपी) वाला ::१ येतो, तुम्ही नुसता पहिला उचललात आणि सर्व्हर १२७.०.०.१ वर ऐकत असेल तर कनेक्शन होणारच नाही. टीसीपीस्ट्रीमच्या कनेक्टला सरळ ती स्ट्रिंगच द्या, ते सगळे अ‍ॅड्रेस ओळीने करून बघतं.

पार्स कडक आहे हे चांगलंच आहे, मी उलटं भोगलंय. रत्नागिरीत मिरकरवाड्याजवळ एका बर्फाच्या कारखान्यात मिठाच्या पाण्याच्या टाकीचं टेंपरेचर यूडीपीवरून (पोचलं का हे न विचारता पाठवायची पद्धत) ऑफिसच्या कॉम्प्युटरला पाठवायचं होतं, प्रोग्राम जुना, सी भाषेतला. तिथल्या माणसाने कॉन्फिगमध्ये अ‍ॅड्रेस नीटनेटका दिसावा म्हणून १९२.१६८.००१.०१० असा लिहिला. सी मधलं आयनेट_एटन पुढे शून्य दिसलं की तो आकडा ऑक्टल (दहाऐवजी आठाच्या पायावरचा) धरतं, म्हणजे ०१० चे झाले ८, आणि सगळं रीडिंग .१० ऐवजी .८ वर, कॅमेऱ्याच्या डीव्हीआरकडे. यूडीपी असल्याने एरर कुठेच नाही. ट्रॉलरवाले लाद्यांसाठी दारात उभे, लाद्या आतून कच्च्या, आणि ऑफिसच्या स्क्रीनवर आदल्या रात्रीचाच आकडा, अर्धा दिवस आम्ही सेन्सर आणि वायरीच तपासत बसलो.

रस्ट पण आधी ०१० ला गुपचूप १० समजून घ्यायचं, २०२१ मध्ये १.५३ पासून अशी पुढची शून्यं सरळ नाकारतं. सी मध्येच राहायचं असेल तर आयनेट_पीटन वापरा, ते ऑक्टलच्या फंदात पडत नाही.

आयपीव्ही६ ला पोर्ट जोडताना चौकटी कंस हवेतच, "[::१]:८०८०" असं. आणि रीड_लाइनने वाचत असाल तर शेवटची न्यूलाइन (ओळ संपल्याची खूण) तशीच राहते, पार्स ती काढत नाही, आधी ट्रिम करा. एरर लॉग करताना मूळ स्ट्रिंग डीबग फॉरमॅटमध्ये छापा, मग ती न्यूलाइन डोळ्यांना दिसते.