नेदरलँड्सला येताय, तर आधी हाउसआर्ट्स समजून घ्या

तुमचा प्रश्न असा: नवऱ्याला आइंडहोवनमध्ये नोकरी लागली आहे, तुम्ही स्वतः एमबीबीएस, मुलगा चार वर्षांचा. इथला आरोग्यविमा खासगी कंपन्या चालवतात म्हणजे अमेरिकेसारखाच प्रकार का, आणि पुढेमागे तुम्हाला स्वतःचा दवाखाना काढता येईल का. मला इथे येऊन तेरा वर्षं झाली, आता इथेच हाउसआर्ट्स, म्हणजे फॅमिली डॉक्टर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कंपन्या खासगी खऱ्या, पण त्यांचे हात बांधलेले. 2006 पासूनच्या कायद्यानुसार मूळ विम्यात काय काय असेल ते सरकार ठरवतं. कंपनीला कुणालाही नाकारता येत नाही, वय किंवा आजार बघून हप्ता वाढवता येत नाही. मग सगळ्या कंपन्या धडधाकट तरुणांच्याच मागे का धावत नाहीत? कारण जिच्याकडे आजारी माणसं जास्त, तिला सामायिक निधीतून भरपाईही जास्त मिळते. ही कल्पना सरकारने नेमलेल्या डेकर समितीने 1987 सालीच मांडली होती. पूर्णपणे अमलात यायला एकोणीस वर्षं गेली, यावरून इथल्या सुधारणांचा वेग ओळखा.

आल्यापासून चार महिन्यांत विमा घ्यावा लागतो. चौथ्या महिन्यात घेतला तरी हप्ता पहिल्या दिवसापासूनचा भरावा लागतो, त्यामुळे थांबून काही वाचत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांना हप्ता नाही. मोठ्यांनी वर्षाचे पहिले 385 युरो स्वतःच्या खिशातून घालायचे, पण हाउसआर्ट्सकडे गेलात तर ती फी त्यात धरत नाहीत.

आता खरी गोम. तातडीचं काही नसेल तर हाउसआर्ट्सच्या चिठ्ठीशिवाय स्पेशालिस्टकडे जाता येत नाही. त्याला प्रत्येक नोंदलेल्या पेशंटमागे ठरावीक रक्कम मिळते, तुम्ही आलात काय आणि न आलात काय. वर प्रत्येक भेटीचे थोडे. रक्ततपासणी किंवा स्कॅन लिहून दिल्याने त्याच्या पदरात काही पडत नाही. आपण दोघी कट प्रॅक्टिस, म्हणजे पेशंट किंवा तपासण्या पाठवण्यामागचं कमिशन, काय असतं ते जाणतो, त्यामुळे हे ऐकायला छान वाटतं. पण गंमत अशी की तिकडे भारतात पेशंटला शंका येते डॉक्टर जास्तच करतोय, आणि इथे आल्यावर आपल्याला शंका येते हा काहीच करत नाही. पहिल्या वर्षी माझ्या मुलाला ताप होता. फोनवरच्या असिस्टंटने दहा प्रश्न विचारले, पॅरासिटामॉल सांगितलं आणि तीन दिवसांनी फोन करा म्हणाली. मी स्वतः डॉक्टर, तरी संतापले होते. ताप दुसऱ्या दिवशी उतरला. कधीकधी मात्र असं थांबणं महागात पडतं, हेही या खुर्चीत बसून पाहिलंय. म्हणून फोनवर नुसती लक्षणं सांगू नका. 'मला अमुक आजाराची भीती वाटते' असं थेट सांगा. त्याने संभाषण बदलतं.

दवाखान्याबद्दल. आधी डच, मग भाषेच्या आणि वैद्यकीय ज्ञानाच्या परीक्षा, मग बिख (BIG) नोंदणी, म्हणजे डॉक्टर म्हणून काम करण्याची सरकारी नोंदणी, त्यानंतर हाउसआर्ट्सचं तीन वर्षांचं प्रशिक्षण. एवढं झालं की दवाखाना स्वतःचा काढता येतो. इथले हाउसआर्ट्स परंपरेने सरकारी नोकर नाहीत, स्वतंत्र व्यावसायिकच आहेत. पण जागा, कर्मचारी आणि प्रत्येक विमा कंपनीशी करार ही सगळी तुमची डोकेदुखी. चार मोठ्या कंपन्यांकडे बहुतेक बाजार, आणि समोर तुम्ही एकट्या. डॉक्टरांनी एकत्र येऊन वाटाघाटी करायच्या तर स्पर्धा कायदा आडवा येतो. 2015 मध्ये याच जाचाला आणि फॉर्मांच्या ढिगाऱ्याला कंटाळून हाउसआर्ट्सनी आपला जाहीरनामा आरोग्य मंत्रालयाच्या दारावर खिळ्यांनी ठोकला. मागणी पैशांची कमी आणि विश्वासाची जास्त होती: आमच्यावर पाळत ठेवू नका. काही फॉर्म खरंच रद्द झाले. सगळे नाहीत.

पैसेवाल्यांनीही हात घालून पाहिला. को-मेड नावाच्या कंपनीने दवाखाने विकत घेत साखळी उभारली आणि 2024 मध्ये तिचं दिवाळं निघालं. हजारो पेशंट डॉक्टरविना राहिले. याउलट योस द ब्लोक या नर्सने 2006 मध्ये सुरू केलेली बुर्टझोर्ख ही घरपोच शुश्रूषेची संस्था बघा. जास्तीत जास्त बारा जणांचे गट, मधे मॅनेजर नाहीत, वेळापत्रक नर्सच ठरवतात. ती देशभर पसरली. हॉस्पिटल काढून नफा घरी न्यायचा विचार असेल तर सोडून द्या, इथे त्याला बंदी आहे.

मी स्वतः अजून दवाखाना घेतलेला नाही. दुसऱ्यांच्या दवाखान्यात बदली डॉक्टर म्हणून जाते, माझ्या पिढीतले बरेचजण तेच करतात. संध्याकाळी हिशेब करत बसावं लागत नाही. पण त्यामुळे मालक निवृत्त झाला की दवाखाना घ्यायला कुणी मिळत नाही आणि नव्या पेशंटना दारं बंद होतात. म्हणून घराचा करार करण्याआधी त्या भागातल्या दवाखान्यांना फोन करून विचारा, नवे पेशंट घेताय का? आणि डचचा वर्ग व्हिसाची वाट न बघता याच महिन्यात लावा.