पोस्टफिक्सवर (मेल सर्व्हरवर) मेलमन 3 (मेलिंग लिस्ट चालवणारा प्रोग्राम) बसवलं, पण लिस्टच्या पत्त्यावर पाठवलेला मेल 550 (मेल नाकारल्याचा कोड) देऊन परत येतो. काय करावं?

'यूजर अननोन इन लोकल रेसिपियंट टेबल' असं येत असेल तर मेल मेलमनपर्यंत पोचलेलाच नाही. डोमेन मायडेस्टिनेशनमध्ये (पोस्टफिक्स ज्यांचा मेल याच मशीनवर ठेवतो त्या डोमेनच्या यादीत) आहे, म्हणून पोस्टफिक्स त्या नावाचा यूजर मशीनवर शोधतो आणि हाकलून देतो. मेलमन 'पोस्टफिक्स_एलएमटीपी' नावाची फाइल स्वतः बनवतं. ती पोस्टफिक्सच्या ट्रान्सपोर्ट मॅप्स (कुठला मेल कुठे पाठवायचा) आणि लोकल रेसिपियंट मॅप्स (कुठले पत्ते खरे मानायचे), या दोन्ही सेटिंगमध्ये द्यायची. लोक पहिल्यात देतात आणि थांबतात. दोन्हीकडे दिली की पोस्टफिक्स मेल एलएमटीपीने (मेल पुढे सोपवायच्या प्रोटोकॉलने) मेलमनच्या 8024 पोर्टवर देतो. फाइलच नसेल तर 'मेलमन एलियासेस' ही कमांड चालवा. एलियासेस फाइलमध्ये हाताने पाइप (मेल थेट प्रोग्रामकडे वळवणाऱ्या ओळी) लिहायचे दिवस मेलमन 2 बरोबर गेले.

मेल जायला लागले की काम झालं असं वाटेल. खरी कटकट तिथून पुढे आहे, आणि मी लिहायला बसलोय ते तेवढ्यासाठीच.

आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांची लिस्ट मी सांभाळायचो. एप्रिल 2014 मध्ये याहूने आपली डीमार्क पॉलिसी (आपल्या नावाने आलेला मेल पडताळणीत बसला नाही तर इतरांनी त्याचं काय करावं, हा नियम) 'रिजेक्ट' केली. आमचे निवृत्त मेंबर बहुतेक याहूवर. त्यांच्यापैकी कुणी काही पाठवलं की लिस्ट त्याला विषयात कंसातलं नाव आणि खाली फूटर चिकटवणार, डीकेआयएमची सही (मेल वाटेत बदललेला नाही हे दाखवणारी डिजिटल सही) मोडणार, आणि जीमेल तो मेल नाकारणार. बाऊन्स (परत आलेला मेल) मात्र जीमेलवाल्याच्या खात्यावर! मेलमनचा हिशोब दिवसाला एक गुण, पाच झाले की डिलिव्हरी बंद. मेल पाठवला काकांनी आणि लिस्टबाहेर गेली पोरं.

माझ्याबरोबर एक सीनियर अॅडमिन होते. त्यांचं म्हणणं, फ्रॉम बदलणं (पाठवणाऱ्याच्या जागी लिस्टचा पत्ता टाकणं) म्हणजे दुसऱ्याच्या पत्राखाली आपली सही ठोकणं, त्यापेक्षा याहूवाल्यांना काढा. मी म्हटलं, सर, विषय तुम्ही बदलता, मजकुराखाली फूटर तुम्ही लावता, मग फ्रॉमलाच सोवळं कशाला? चिडले. मेलमन 2.1.18 मध्ये फक्त अशा पॉलिसीवाल्यांपुरता फ्रॉम बदलायची सोय आली, ती मी चालू केली. काका लिस्टवरच राहिले. सरांनी अजून मान्य केलेलं नाही.

तेव्हा तुम्ही लिस्टच्या सेटिंगमध्ये डीमार्क मिटिगेशन (या अडचणीवरचा उपाय) आत्ताच 'रिप्लेस फ्रॉम'वर ठेवा. 'रिजेक्ट मेसेज' हा पर्यायही तिथे दिसेल, त्याला हात लावू नका. मेंबरला दार दाखवण्याची ती सभ्य पद्धत आहे. फूटर काढून टाका, कुणी वाचत नाही. विषयातलं कंसातलं नावही काढा. दोन्ही गेले की बहुतेक सह्या मोडतच नाहीत आणि सरांशी वाद घालायची वेळही येत नाही.

हे सगळं तुमच्या सर्व्हरचं एसपीएफ (डोमेनच्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची नोंद), डीकेआयएम आणि रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद) ठीक आहे असं धरून. आणि हो, डोमेन व्हर्च्युअल मेलबॉक्सचं (ज्याचे यूजर मशीनवरचे यूजर नसतात असं) असेल तर वरचं लोकल रेसिपियंटचं प्रकरण तुम्हाला लागू नाही, एरर वेगळी येईल. लोकल रेसिपियंट मॅप्समध्ये नुसती मेलमनची फाइल ठेवाल तर डिफॉल्ट पुसला जातो. आधीचं पासवर्ड-बायनेम (मशीनवरच्या यूजरची यादी, passwd.byname) आणि एलियास मॅप्स तिथेच शेजारी लिहा, नाहीतर लिस्ट सुरू होईल आणि रूटचे मेल बंद पडतील.